डिकीतला बॉक्स की सीटखालचा सब?

गणपतीत भाचा साताऱ्याला आला तेव्हा त्याच्या गाडीतला सब (सबवूफर, म्हणजे बेस वाजवणारा स्पीकर) सारखा बंद पडत होता. आवाज जरा वाढवला की ॲम्पवरचा (ॲम्प्लिफायरवरचा) हिरवा दिवा जाऊन लाल लागायचा, दोन मिनिटांनी परत हिरवा. "मामा, हे सगळं काढून विकतो आणि सीटखालचा छोटा सब घेतो. रोजची कटकट नको." हाच प्रश्न अजूनही कोणी ना कोणी विचारत असतं, म्हणून दोन्ही बाजू सविस्तर मांडतोय.

डिकीतला म्हणजे लाकडी बॉक्समधला १० किंवा १२ इंची सब आणि त्याला वेगळा ॲम्प. सीटखालचा म्हणजे उथळ पेटीत साधारण ८ इंची स्पीकर, ॲम्प आतच. आवाजात फरक आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. ढोलाचा ठोका, डग्ग्याचा घुमारा सीटखालचा सब नीट देतो. पण साधारण ४० हर्ट्झच्या खालचा, छातीत जाणवणारा बेस हवा असेल तर मोठ्या बॉक्सला पर्याय नाही. खोक्यावरचे मोठाले वॅट बघू नका, आरएमएस, म्हणजे सलग वाजताना पेलणारे खरे वॅट, किती ते विचारा.

जागेचा हिशोब सरळ आहे. सीएनजीची टाकी बसवलेली असेल तर डिकी आधीच गेली, तिथे बॉक्सचा विचारच सोडा. टाकी नसेल, पण दर आठवड्याला गावाकडून पोती, भाजी आणायची असेल, तरी बॉक्स दोन महिन्यांत डोईजड होतो.

वायरिंगचा मात्र बारकाईने विचार करा, कारण बहुतेक बिघाड तिथेच असतात. ४०० वॅट आरएमएसचा ॲम्प जोरात वाजताना ३५-४० अँपिअर ओढू शकतो. त्याला बॅटरीपासून थेट ४ गेजची जाड वायर लागते, तीही शुद्ध तांब्याची. वर तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी वायर स्वस्त पडते, पण तेवढ्याच जाडीत करंट कमी पेलते. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत हवाच. पुढे कुठे वायर घासून बॉडीला टेकली तर आग लागण्यापासून तोच वाचवतो. सीटखालच्या सबला बहुतेक वेळा १०-१५ अँपिअरचा फ्यूज आणि बारीक वायर पुरते. जोड कमी, म्हणून बिघडायच्या जागाही कमी.

आता भाच्याच्या गाडीचं सांगतो. इंजिन चालू ठेवून मल्टीमीटर लावला. बॅटरीवर १४.१ व्होल्ट, म्हणजे अल्टरनेटर ठीक. ॲम्पच्या टर्मिनलवर गाणं बंद असताना १३.७, पण बेसचा ठोका पडला की थेट १०.८. मग मीटरची एक पिन ॲम्पच्या अर्थवर (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह वायरवर) आणि दुसरी, लांब वायर जोडून, बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली. ठोक्याला अडीच व्होल्टच्या वर दिसले. तिथे अर्धा व्होल्टसुद्धा जास्त झाला. डिकीतली गादी उचलली तर अर्थचा स्क्रू रंगावरच पिळलेला, आणि भोवती काळा डाग. ज्याने बसवलं त्याने रंग खरवडायचे कष्टच घेतले नव्हते. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, वायरच्या टोकाला लग (धातूची कडी) दाबून बोल्टने आवळला. पुन्हा मोजलं तर ठोक्यालाही १३ च्या वर. लाल दिवा त्यानंतर लागलेला नाही. एका बोल्टसाठी चांगला सेट मातीमोल भावात गेला असता.

वेगळ्या ॲम्पचा हा मोठा फायदा: दोष कुठे आहे ते पायरी-पायरीने गाठता येतं. सप्लाय आणि अर्थ ठीक असूनही लाल दिवा लागत असेल, तर स्पीकरची वायर ॲम्पपासून काढा. दिवा गेला तर गडबड सबमध्ये किंवा त्या वायरीत. दिवा तसाच राहिला तर ॲम्प गेला. ४ ओहमची कॉइल मीटरवर साडेतीनच्या आसपास दिसते, काहीच दिसलं नाही तर जळली. जो भाग गेला तेवढाच बदलायचा. सीटखालच्यात पॉवर, अर्थ, रिमोट वायर (स्टिरिओ लावला की ॲम्प चालू करणारी) आणि फ्यूज एवढं तपासून झालं की आपले हात थांबतात. आतला बोर्ड गेला तर अख्खी पेटीच उचलून न्यावी लागते.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या पावसाची. जुलैत कासला जाऊन आलात की ओले बूट सगळे पुढच्या सीटपाशी. त्यात एसीचा पाणी जाणारा पाइप तुंबला तर पाणी डावीकडच्या कार्पेटखाली येतं, नेमकं जिथे हा सब ठेवलेला असतो. घेतलात तर जमिनीपासून बोटभर उंच बसवून घ्या.

यवतेश्वरचा घाट दुसऱ्या गिअरमध्ये चढताना स्पीकरमधून इंजिनबरोबर चढत जाणारी कुईंऽऽ ऐकू आली तर ती दोन्ही प्रकारांत येऊ शकते. आधी अर्थ बघा. मग आरसीएची वायर (स्टिरिओकडून ॲम्पकडे आवाजाचा सिग्नल नेणारी) पॉवरच्या वायरीला चिकटून गेली असेल तर गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.

तेव्हा नव्याने घेताय, घरची गाडी आहे, अधूनमधून गाणी ऐकता, तर सीटखालचा घ्या. बॉक्स आधीपासून असेल आणि कुरकुरत असेल, तर विकायच्या आधी अर्धा दिवस मीटर घेऊन बसा. भाच्याने बॉक्स ठेवला. मात्र पुढच्या वर्षी सीएनजी बसवायचं म्हणतोय, आणि तसं ठरलं तर सीटखालचा घे असं मीच त्याला सांगणार आहे.