‘इंजिनाचं काम निघालंय’ म्हणाले, तर आधी आकडे मागा

मिशिगनमध्ये डेट्रॉइटच्या परिसरात राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाकडे १९६९ची शेव्हरोले कंपनीची शेव्हेल मालिबू ही जुनी गाडी आहे. ३५० क्यूबिक इंचांचं व्ही-८ इंजिन, चार बॅरलचा रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) आणि टर्बो हायड्रॅमॅटिक गिअरबॉक्स. उन्हाळ्यात गाडी बिघडली. आयडलिंगला इंजिन थरथरायचं, रेस दिली की क्षणभर दम खायचं, मधेच कार्ब्युरेटरमधून फट् करून उलटा बार यायचा. सिग्नलला उभं राहिलं की तापमानाचा काटा वर चढायचा आणि सकाळी पहिल्यांदा स्टार्ट केल्यावर निळसर धुराचा एक लोट निघायचा.

जुन्या गाड्यांची कामं करणाऱ्या एका गॅरेजने आधी कार्ब्युरेटर बदलला. फरक पडला नाही. मग पॉइंट्सचा (उघडझाप करून ठिणगी पाडणाऱ्या धातूच्या टोकांचा) डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग, काढून एचईआय (हाय एनर्जी इग्निशन) प्रकारचा इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसवला, टायमिंग चेनचा, म्हणजे क्रँकशाफ्ट आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट यांना जोडणाऱ्या साखळीचा, संच नवा टाकल्याचंही बिलात लिहिलं. गाडी वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या दर मिनिटाच्या फेऱ्या) आणखीच मिसिंग करू लागली, म्हणजे मधेमधे ठिणगी चुकू लागली. तेव्हा निकाल आला : कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबली जाण्याचा जोर) गेलंय, पिस्टनच्या रिंगा संपल्या, व्हॉल्व्ह जळालेत, इंजिनाचं काम निघालंय. पुरावा म्हणून आठही सिलिंडरांचे आकडे लिहिलेला कागद दिला, सगळे ९५ ते ११० पीएसआय (दाबाचं एकक). तोवरचं बिल दीड हजार डॉलरच्या पुढे गेलं होतं. इंजिन बांधायला सात हजार, पैकी अर्धे आगाऊ.

आगाऊ रक्कम देण्याआधी गाडी दुसरीकडे तपासली गेली म्हणून पुढचं सगळं उघडकीला आलं. असाच निकाल उद्या कोणाच्याही कॅमेरो, नोव्हा किंवा इंपालाबद्दल येऊ शकतो, त्यामुळे प्रत्येक गोष्ट कशी तपासायची आणि कुठे बनवाबनवी होते ते सविस्तर लिहीत आहोत.

कॉम्प्रेशनच्या कागदापासून सुरुवात करू, कारण सगळा खेळ त्यावरच उभा होता. चाचणी बरोबर घ्यायची तर इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण चार्ज हवी, आठही प्लग काढलेले हवेत, कॉइलची वायर सोडलेली हवी आणि मुख्य म्हणजे थ्रॉटल पूर्ण उघडा हवा. प्रत्येक सिलिंडरमध्ये किमान चार-पाच वेळा हवा दाबली जाईपर्यंत स्टार्टर मारायचा. थ्रॉटल बंद ठेवला की सिलिंडरमध्ये हवाच पुरेशी जात नाही आणि ठणठणीत इंजिनाचा आकडाही कितीतरी खाली येतो. त्यात इंजिन गार, बॅटरी अर्धमेली आणि बाकीचे सात प्लग जागेवर असले, तर आकडा आणखी पडतो. दुसऱ्या ठिकाणी रीतसर चाचणी झाली तेव्हा त्याच इंजिनाने १४८ ते १५८ पीएसआय दाखवले.

गॅरेजचा कागद नुसता बघूनही शंका यायला हवी होती. आठच्या आठ सिलिंडर सारखेच खाली असणं ही जळालेल्या व्हॉल्व्हची खूण नव्हे. व्हॉल्व्ह जळला की एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा ठळकपणे पडतो. शेजारचे दोन एकदम पडले तर हेड गॅस्केटवर संशय घ्यायचा. सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली गेला, तरच काळजीचं कारण. त्यानंतरही त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा चाचणी घ्यायची. आकडा चढला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. याहून पक्की खात्री लीक-डाउन चाचणीने होते. सिलिंडरमध्ये १०० पीएसआय हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते कान लावून ऐकायचं. कार्ब्युरेटरमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. १० टक्क्यांच्या आसपास गळती असेल तर इंजिन चांगलं समजायचं.

निळ्या धुराचा लोट गॅरेजने ‘रिंगा गेल्या’चा पुरावा म्हणून मालकाला मुद्दाम दाखवला होता. शेव्हीच्या, म्हणजे शेव्हरोलेच्या, या ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिनात व्हॉल्व्हच्या दांड्यावर छोटे रबरी सील असतात. ते वयाने कडक होतात, रात्रभरात ऑइल दांड्यावरून खाली उतरतं आणि सकाळी स्टार्ट केल्याबरोबर एकदाच निळा लोट येऊन धूर थांबतो. रिंगा गेलेल्या असतील तर गाडी ओढीला असतानाही धूर येत राहतो. हे सील बदलायला हेडसुद्धा उतरवावं लागत नाही. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये हवेचा दाब भरून व्हॉल्व्ह वर धरून ठेवायचा आणि स्प्रिंग दाबून सील बदलायचा. हिवाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली साचणारा पिवळट पांढरा लगदा दाखवूनही असंच घाबरवतात. छोट्या फेऱ्यांमुळे इंजिन पुरेसं तापत नाही आणि आत वाफेचं पाणी साचतं, म्हणून तो येतो. कूलंट कमी होत नसेल आणि लीक-डाउन ठीक असेल तर तेवढ्यावरून हेड उघडू द्यायचं कारण नाही.

खरा दोष शोधायला सुरुवात इंजिनाची हवेची ओढ मोजणाऱ्या साध्या व्हॅक्यूम गेजने झाली. हे गेज इनटेक मॅनिफोल्डला (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या भागाला) जोडलं की मूळ कॅमशाफ्ट असलेलं निरोगी इंजिन आयडलिंगला १७ ते २१ इंचांवर काटा स्थिर धरतं. या गाडीत काटा स्थिर होता, पण १३ वर. ठरावीक अंतराने झटका देऊन खाली येणारा काटा जळालेला व्हॉल्व्ह सांगतो. नुसताच खाली राहिलेला काटा टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागे पडल्याचं किंवा हवा चोरून आत येत असल्याचं सांगतो. इथे दोन्ही होतं.

टायमिंग लाइट लावली तर टायमिंग बरोबर दिसत होतं. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (व्हॅक्यूमच्या जोरावर ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी काढून, तिचं तोंड बंद करून, ३,००० आरपीएमला ३४ अंश. या इंजिनाला ३४ ते ३६ योग्य, म्हणजे कागदावर काहीच दोष नाही. पण क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकाला जो हार्मोनिक बॅलन्सर असतो, त्याचं बाहेरचं जड कडं आतल्या भागावर रबराच्या पट्टीने चिकटवलेलं असतं. पन्नासहून अधिक वर्षांत ते रबर सुटतं, कडं सरकतं आणि कड्यावरची टायमिंगची खूणही त्याच्याबरोबर सरकते. मग लाइट दाखवते एक आणि सिलिंडरमध्ये ठिणगी पडते भलत्याच वेळी.

हे पकडायला फार काही लागत नाही. बॅटरी सोडा, सगळे प्लग काढा, एक नंबरच्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा अडसर) घट्ट बसवा. क्रँकचा बोल्ट पान्याने हळू फिरवत पिस्टन स्टॉपला टेकू द्या आणि टायमिंगच्या पट्टीवरच्या शून्यासमोर बॅलन्सरवर खडूने रेघ ओढा. मग उलट्या दिशेने फिरवून पुन्हा टेकेपर्यंत न्या आणि दुसरी रेघ ओढा. दोन रेघांच्या बरोबर मध्यावर पिस्टनचा खरा वरचा मृतबिंदू असतो. इथे तो मध्य आणि कंपनीची कोरीव खूण यांत १२ अंशांचा फरक निघाला. म्हणजे ३४ दिसत होतं तेव्हा इंजिनाला मिळत होते २२. एवढं मागे पडलेलं टायमिंग इंजिन तापवतं, पिकअप मारतं आणि व्हॅक्यूम पाडतं. नवा कार्ब्युरेटर यावर काय उपाय करणार? बॅलन्सर न तपासता टायमिंग ‘सेट’ करणाऱ्याने काम केलंच नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

एचईआयमुळे मिसिंग वाढलं त्याचं कारण वायरिंगमध्ये होतं. १९६९च्या शेव्हरोलेत कॉइलकडे जाणारी वायर रेझिस्टन्सची असते. पॉइंट्स जळू नयेत म्हणून ती इंजिन चालू असताना व्होल्टेज मुद्दाम पाडते. एचईआयला मात्र बॅटरीचं पूर्ण व्होल्टेज लागतं. इंजिन चालू असताना डिस्ट्रिब्युटरच्या टर्मिनलवर मीटर लावला तर जेमतेम ९ व्होल्ट मिळाले, तिथे १३ च्या वर हवेत. फ्यूज ब्लॉकमधून इग्निशनच्या चावीवर चालणारी जाड वेगळी वायर ओढली आणि वरच्या आरपीएमचं मिसिंग थांबलं. जी जुनी पॉइंट्सची यंत्रणा काढून टाकली होती, तिला बहुधा फक्त नवे पॉइंट्स, कंडेन्सर आणि ३० अंशांचा ड्वेल (पॉइंट्स मिटलेले राहतात तेवढा कोन) एवढंच हवं होतं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतली छोटी खिडकी वर सरकवून, १/८ इंची ॲलन की घालून, इंजिन चालू ठेवूनच ड्वेल लावता येतो.

प्लगच्या वायरीही नव्याने बसवलेल्या होत्या आणि ५ आणि ७ नंबरच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर समांतर गेल्या होत्या. या इंजिनाची फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२ आहे. ५ नंतर लगेच ७, आणि हे दोन्ही सिलिंडर शेजारी शेजारी. वायरी अशा समांतर ठेवल्या की ५ ची ठिणगी ७ मध्ये चुकीच्या वेळी उतरू शकते. त्या दोन्ही वायरी अंतर ठेवून किंवा एकमेकींना छेद देत न्यायच्या.

आता चोरून येणारी हवा. कार्ब्युरेटरच्या तळाशी आणि मॅनिफोल्डच्या कडेने कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारला की जिथे गळती असेल तिथे आयडलिंग बदलतं. (गरम एक्झॉस्टपासून दूर आणि अग्निशामक हाताशी ठेवूनच.) इथे काहीच बदललं नाही. पण ३ नंबरचा प्लग बाहेर काढला तर काळा, ओला आणि ऑइलने माखलेला, बाकीचे सात कोरडे. इनटेक मॅनिफोल्डचं गॅस्केट खालच्या बाजूने फुटलं असेल तर हवा बाहेरून येत नाही. लिफ्टर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे पोहोचवणारे भाग) असतात त्या खोलगट भागातून ऑइलच्या वाफेसकट ती ओढली जाते. वरून मारलेला फवारा तिथवर पोहोचत नाही. म्हणून पीसीव्हीची (इंजिनाच्या आतली वाफ पुन्हा मॅनिफोल्डमध्ये ओढणाऱ्या व्हॉल्व्हची) नळी बंद करून, व्हॉल्व्ह कव्हरची बाकीची तोंडं मिटवून ऑइल भरायच्या तोंडावर तळहात ठेवायचा. ओढ जाणवली तर गॅस्केटची गळती आतून आहे. हाताला ओढ लागली. याच गळतीमुळे ऑइल जळत होतं आणि तेही रिंगांच्या नावावर खपवलं गेलं होतं.

बॅलन्सर काढलेलाच होता म्हणून टायमिंग कव्हरही उघडलं. आत जुनी सैल चेन आणि कॅमचा मूळ ॲल्युमिनियमचा, नायलॉनच्या दात्यांचा गिअर. दाते तडकलेले, दोन ठिकाणी तुटलेले. बिलात मात्र नव्या चेनचे आणि गिअरचे पैसे लावलेले. कव्हर न उघडताही चेनचा अंदाज घेता येतो. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, क्रँक एका दिशेला फिरवून थांबायचं, मग उलट फिरवायचा आणि रोटर हलायला लागेपर्यंत क्रँक किती अंश रिकामा फिरतो ते मोजायचं. १० अंशांच्या पुढे गेला तर चेन बदलायला झाली आहे. नवी चेन टाकल्याचं बिल हातात आल्याबरोबर ही मोजणी गॅरेजच्या आवारातच करून बघावी.

बॅलन्सर, चेनचा संच, इनटेक गॅस्केट, व्हॉल्व्हचे सील आणि वायरीचा तुकडा, सगळे सुटे भाग मिळून चारशे डॉलरच्या आत आले. व्हॅक्यूम १९ इंचांवर स्थिरावला.

याहून मोठं नुकसान सहज लक्षात येत नाही. काढलेला क्वाड्राजेट आणि जुना डिस्ट्रिब्युटर गॅरेजने ‘भंगार’ म्हणून ठेवून घेतले होते. क्वाड्राजेटच्या मुख्य भागावर मागच्या डाव्या बाजूला उभा सपाट भाग असतो, त्यावर नंबर ठोकलेला असतो. ७०२९ ने सुरू होणारा नंबर १९६९चा, ७०४० ने सुरू होणारा १९७०चा. मूळ गाडीच्या वर्षाशी जुळणारा कार्ब्युरेटर आणि तसाच डेल्को-रेमी डिस्ट्रिब्युटर यांना संग्राहकांच्या बाजारात चांगली किंमत येते. गाडी गॅरेजमध्ये टाकण्याआधी या दोन्हींच्या नंबरांचे फोटो काढून ठेवा. ब्लॉकचा नंबर पॅसेंजरच्या बाजूला, हेडच्या पुढे, अल्टरनेटरच्या मागे लपलेल्या सपाट पट्टीवर असतो. तिथली घाण पुसून त्याचाही फोटो घ्या. इंजिन बांधायला उतरवलं की ब्लॉकच बदलून देण्याचे प्रकार होतात, आणि ३५० म्हणून ३०५ क्यूबिक इंचांचा ब्लॉक रंगवून बसवला तर बाहेरून सहज ओळखू येत नाही. इंजिन बांधलंच तर मशीन शॉपचं वेगळं बिल, बोअरची मापं आणि काढलेले बेअरिंग मागून घ्या. नुसता ताजा केशरी रंग आणि चकाकणारे गॅस्केट दाखवून इंजिन बांधल्याचे पैसे उकळले जातात.

मिशिगनमध्ये १९७४ पासून वाहनदुरुस्तीचा कायदा आहे. त्यानुसार कामाआधी लेखी एस्टिमेट द्यावं लागतं, ठरलेल्या मर्यादेपलीकडे खर्च वाढवायचा तर मालकाची संमती लागते आणि बदललेले जुने भाग परत मागण्याचा हक्क मालकाला आहे. ‘जुने भाग मला परत हवेत’ हे वाक्य गाडी सोडतानाच वर्क ऑर्डरवर स्वतःच्या हाताने लिहून सही करावी. गॅरेजची नोंदणी आणि तक्रारी सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडे असतात. या गाडीच्या तक्रारीला एस्टिमेट, बिल, पहिला आणि दुसरा कॉम्प्रेशनचा कागद आणि तुटक्या नायलॉन गिअरचे तारखेसह फोटो जोडले. मूळ क्वाड्राजेट परत मिळाला. डिस्ट्रिब्युटर ‘सापडत नाही’ असं उत्तर आलं, त्याच्या भरपाईची मागणी अजून चालू आहे.