"४/८ वे, क्यूबर्टलाही चालेल": जॉयस्टिकच्या जाहिरातीतली फसवणूक

जुन्या आर्केड गेमसाठी सुटे भाग विकणाऱ्यांच्या जाहिरातीत ही ओळ सर्रास दिसते. ४ वे म्हणजे चार दिशांना चालणारी स्टिक, ८ वे म्हणजे तिरप्या धरून आठ दिशांना चालणारी. स्टिक येते, पॅनेलमध्ये बसवली जाते आणि पहिल्याच दिवशी पॅकमॅन वळणावर अडायला लागतो, क्यूबर्ट या गेममधलं पात्र पिरॅमिडवरून बाहेर उड्या मारतं. तक्रार केली की विक्रेत्याचं उत्तर ठरलेलं असतं: "गेट (दांड्याला अडवणारी खालची चौकट) ४५ अंशांत फिरवा." गेट फिरवूनही क्यूबर्टला फरक पडत नाही. मग "वायरिंग तपासा", मग "सॉफ्टवेअर बदला", आणि एवढ्यात माल परत करायची मुदत उलटून जाते. ही टोलवाटोलवी बहुतेक वेळा मुद्दाम केलेली असते, कारण गेट फिरवून क्यूबर्टची अडचण सुटत नाही हे विकणाऱ्याला चांगलं ठाऊक असतं.

कशी सुटत नाही, ते पाहू. साध्या स्टिकच्या बुडाशी चार मायक्रोस्विच, म्हणजे दाबले की लागणारे छोटे स्विच, असतात. आठ दिशांसाठीही चारच पुरतात. दांडा तिरपा ढकलला की शेजारचे दोन स्विच एकदम दाबले जातात. म्हणून "८ वे म्हणजे ८ स्विच" असं कुणी सांगत असेल तर व्यवहार तिथेच थांबवावा. स्टिक चार दिशांची की आठ, हे गेटवर ठरतं. गेट म्हणजे दांड्याला कुठे आणि किती जाऊ द्यायचं हे अडवणारी खालची चौकट. चौकोनी गेटचे कोपरे तिरप्या दिशांना असतील तर स्टिक ८ वे. तेच गेट ४५ अंशांत फिरवलं की कोपरे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे येतात आणि तिरप्या दिशेला सपाट कड आडवी येते. दांडा दोन स्विचपर्यंत पोचू नये, यासाठीच ही सोय.

आता क्यूबर्ट. यात उड्या फक्त चार तिरप्या दिशांना असतात. गॉटलीब कंपनीच्या १९८२ च्या मूळ कॅबिनेटमध्ये, म्हणजे गेमच्या पेटीत, चार दिशांचीच स्टिक होती, पण ती पॅनेलवर ४५ अंश तिरकी बसवलेली. खेळणारा तिरपं ढकलतो, आत मात्र एकच स्विच लागतो. म्हणजे गेट ४ वे स्थितीत ठेवून स्विचसकट सगळी स्टिक फिरवावी लागते. नुसतं गेट फिरवलं तर पॅकमॅन आणि डाँकी काँगला हवी तशी सरळ ४ वे स्टिक मिळते, आणि क्यूबर्टला लागणाऱ्या चार तिरप्या दिशांवरच कड येते. गेट ८ वे ठेवून साध्याच जागी खेळलात तर कोपऱ्यात दोन स्विच लागतात. ते कधीच नेमके एका क्षणी लागत नाहीत, त्यामुळे जो आधी लागेल त्या दिशेला उडी पडते. क्यूबर्ट आपणहून जीव देतो असं वाटण्याचं कारण हेच.

फिरवून बसवायचं तर पॅनेलला नवी भोकं पाडावी लागतात, आणि आत स्टिकची चौकट शेजारच्या बटणाला किंवा पेटीच्या भिंतीला अडत नाही ना, हे आधी मोजावं लागतं. "क्यूबर्ट किट" या नावाने जे विकलं जातं ती बऱ्याचदा नुसती पत्र्याची पट्टी असते. तिला तिरकी भोकं नसतील तर ती कशालाही उपयोगाची नाही. बसवल्यावर सगळ्या उड्या शेजारच्या दिशेला पडू लागल्या तर घाबरू नका: स्टिक उलट्या बाजूला फिरली आहे, चारही वायरी एकेक जागा पुढे सरकवल्या की झालं.

विक्रेत्याच्या व्हिडिओवर विश्वास ठेवू नये. त्यात स्टिक एमुलेटरवर, म्हणजे जुना गेम संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवून दाखवतात, आणि एमुलेटरमध्ये तिरपे इशारे गाळण्याची सोय असते. ती चालू असली की सैल गेटची ८ वे स्टिकही पॅकमॅनमध्ये लोण्यासारखी वळते. मूळ गेम बोर्डाला असा गाळणीचा आधार नसतो, तो चार स्विच थेट वाचतो.

स्टिक हातात आली की पॅनेलला हात लावायच्या आधी मल्टिमीटर काढा. बीपवाल्या स्थितीत एक टोक कॉमन (चारही स्विचना सामाईक) वायरला, दुसरं टोक आळीपाळीने चारही स्विचना. सांवा जेएलएफसारख्या स्टिकला पाच पिनांचा कनेक्टर असतो, चार दिशा आणि एक कॉमन. गेट ८ वे ठेवून दांडा एका कोपऱ्यात दाबून धरा आणि शेजारचे दोन्ही स्विच तपासा: दोन्हीवर बीप यायलाच हवा, चारही कोपऱ्यांत. मग गेट ४ वे करून दांडा कडेकडेने सावकाश फिरवा. कुठेही दोन स्विच एकदम लागले तर ते गेट नावापुरतंच आहे. स्वस्त नकलांमध्ये हा दोष हटकून सापडतो, कारण गेटचं भोक मोठं असतं.

गोल गेटची स्टिक "जास्त स्मूथ" म्हणून गळ्यात मारली जाते. हिशेब सोपा आहे. गोलात सरळ दिशेला जेवढं अंतर मिळतं, तिरप्या दिशेला प्रत्येक स्विचच्या वाट्याला त्याच्या सुमारे ७१ टक्केच येतं. ॲक्च्युएटर, म्हणजे दांड्याच्या टोकाचा स्विच दाबणारा गोल तुकडा, थोडा जरी झिजलेला असेल तर सरळ दिशा ठीक चालतात आणि तिरप्या आधी मरतात. वापरलेली स्टिक पुसून "न वापरलेला जुना साठा" म्हणून विकतात, ती अशीच पकडायची. स्ट्रीट फायटर २ मध्ये खाली, तिरपं, पुढे हा क्रम लागतो. मधली दिशा गळली की हादोकेन, म्हणजे हातातून फेकायचा गोळा, निघतच नाही. रोबोट्रॉनला तर दोन ८ वे स्टिक लागतात, म्हणजे दुप्पट नुकसान. मोठा ॲक्च्युएटर टाकून तिरपा टप्पा वाढतो, पण मग स्टिक जराशा धक्क्यानेही लागते. झिजलेल्या मालावर हा इलाज विक्रेता सुचवत असेल तर नको म्हणा.

महाग फसवणूक वेगळीच. सिनिस्टार गेमची ४९ वे स्टिक किंवा इकारी वॉरियर्स गेमची फिरणारी स्टिक म्हणून साधी ८ वे स्टिक पाठवतात. ४९ वे म्हणजे ७ गुणिले ७ जागा, त्या ऑप्टिकल सेन्सरने वाचल्या जातात. बुडाशी चार मायक्रोस्विच दिसले की ती ४९ वे नाही, वाद संपला. इकारीच्या स्टिकला दांडा १२ टप्प्यांत फिरतो आणि त्या फिरण्याच्या वेगळ्या वायरी असतात. नुसत्या पाचच वायरी असतील तर वरचा गोळा फिरतो म्हणून हुरळून जाऊ नका, साधे गोळेही फिरतात.

पैसे देण्याआधी बुडाचा फोटो मागा: गेट दोन्ही स्थितींत आणि कनेक्टर स्पष्ट दिसेल असा. "पॅकिंग फोडता येत नाही" म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. चाचणी होईपर्यंत सोल्डर करू नका, दाबून बसणारे कनेक्टर वापरा, कारण सोल्डरचा डाग दिसला की परतावा नाकारला जातो. दांड्याच्या टोकाची ई-क्लिप, म्हणजे भाग अडकवून ठेवणारी छोटी पकड, काढू नका. ती उडून हरवते, आणि "तुम्हीच उघडली" हे आयतं कारण विक्रेत्याला मिळतं.

तक्रारीत "नीट चालत नाही" असं मोघम लिहू नये. कोणत्या गेट स्थितीत, कोणत्या कोपऱ्यात, कोणता स्विच लागला किंवा लागला नाही ते लिहा, सोबत मल्टिमीटरचा बीप ऐकू येईल असा व्हिडिओ जोडा, आणि "गेट फिरवून पाहिलं" हे पहिल्याच ओळीत टाका.