एलआयसीचा शेअर तीन वर्षांहून जास्त सांभाळल्यावर

मे 2022 मध्ये एलआयसीचा आयपीओ आला, तेव्हा पॉलिसीधारकांच्या कोट्यातून मला 15 शेअर लागले. 949 रुपयांवर 60 ची सूट, म्हणजे 889 च्या भावाने 13,335 रुपये गेले. अर्ज भरला तो विश्वासावर. आमच्या घरी पॉलिसीचे बाँड लोखंडी कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवतात. त्यांवरची दोन हातांनी जपलेली ज्योत लहानपणापासून बघत आलोय. इथे पैसा बुडणार नाही, असं वाटलं.

17 मे रोजी बीएसईवर शेअर 867.20 ला उघडला. मार्च 2023 मध्ये तो 530 च्या आसपास होता, माझ्या तेराचे आठ हजार झाले होते. तेव्हा कुठे मी वार्षिक अहवाल उघडला. पॉलिसीच्या रकमेला कायद्याने सरकारची हमी आहे. शेअरला ती नाही. हे मला अर्ज भरण्याआधीच कळायला हवं होतं.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बोनसवाल्या पॉलिसींच्या नफ्यातले पूर्वी 95 टक्के पॉलिसीधारकांना आणि 5 टक्के मालकाला जायचे. आता हे प्रमाण टप्प्याटप्प्याने 90:10 झालंय, तर बिनबोनसच्या पॉलिसींचा नफा पूर्ण भागधारकांचा. म्हणजे माझ्या एका खिशातून काढून दुसऱ्यात घालणं चालू आहे, आणि पॉलिसीचा खिसा बराच मोठा आहे! ज्याच्याकडे पॉलिसी आणि शेअर दोन्ही आहेत, त्याने हे गणित मांडून बघावंच.

ऑगस्ट 2024 मध्ये भाव 1,200 च्या वर गेला. मी विकला नाही, कारण लाभांश वाढत होता: आधी दीड रुपया, मग 3, मग 10, मग 12. पंधरा शेअरवर मिळून 397.50 रुपये हातात आले. एवढ्या वर्षांत मुदत ठेवीने कितीतरी जास्त दिलं असतं, हेही खरं.

खरी टांगती तलवार पुरवठ्याची आहे. 96.5 टक्के हिस्सा सरकारकडे, आणि मे 2027 पर्यंत लोकांकडे किमान 10 टक्के जायला हवा. एवढा माल बाजारात येणार म्हटल्यावर भाव दबतो. शिवाय कंपनीची स्वतःची शेअर गुंतवणूक अवाढव्य, त्यामुळे बाजार पडला की हिचं एम्बेडेड व्हॅल्यूही (कंपनीची मालमत्ता आणि चालू पॉलिसींतून पुढे येणारा नफा मिळून काढलेली किंमत) घसरतं.

पाच वर्षं लागणार नाहीत असेच पैसे यात घाला. टर्म इन्शुरन्सच्या हप्त्याचे तर मुळीच नकोत. मी माझे 15 ठेवलेत. आणखी घ्यायचे का, ते सरकारी हिस्सा विक्रीला येईल तेव्हाचा भाव बघून ठरवेन.