मिनेटोंका तळ्याकाठची बोट-इंजिन तपासणी: काम चोख, अहवाल त्रोटक

मिनेसोटातील मिनेटोंका तळ्याजवळच्या एका कार्यशाळेकडून आम्ही बोटीच्या इंजिनाची हिवाळ्यानंतरची तपासणी करून घेतली. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगते. त्यामुळे तळ्याचेच पाणी आत खेळवून थंड होणाऱ्या इंजिनातून ते थंडीपूर्वी पूर्ण काढले गेले नसेल, तर बिडाचा ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) किंवा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (धूर बाहेर नेणारा भाग) तडकू शकतो.

मेकॅनिकने इंजिन सुरू करून पाहण्याची घाई केली नाही, हे मला विशेष आवडले. आधी त्याने डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढून तेल दुधाळ झाले आहे का, म्हणजे त्यात पाणी मिसळले आहे का, ते पाहिले, ब्लॉकच्या बाजूंवर गंजाचे ओघळ शोधले, ब्लॉकची बुचे जागेवरून सरकली आहेत का हे अडचणीच्या जागी आरसा धरून तपासले आणि मग पाण्याच्या मार्गात हवेचा दाब भरून तो टिकतो का याची खात्री केली. ही शेवटची चाचणी वगळणाऱ्याकडे जाऊच नये, कारण व्ही-8 इंजिनात (व्ही आकारात आठ सिलिंडर असलेल्या) भेग इनटेक मॅनिफोल्डखाली (हवा आत नेणाऱ्या भागाखाली), बाहेरून न दिसणाऱ्या जागीही पडू शकते.

तक्रार एवढीच की लेखी अहवालात दाबाचे आकडे नव्हते. ते मागून घ्यावे लागले. दरही चढेच आहेत. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेले) इंजिन उभे ठेवले की त्यातील पाणी बहुधा आपोआप निथळते, तेव्हा अशा बोटमालकांनी खालच्या गिअरपेटीतील तेलात पाणी शिरले आहे का, एवढेच पाहून घेतले तरी चालेल.