स्वस्त वाइडबँड घेताना: स्पार्टन ३, एईएम एक्स-सिरीज की इनोव्हेट एलसी-२?

ट्यूनिंगसाठी वाइडबँड, म्हणजे इंजिनातल्या हवा-इंधन मिश्रणाचे प्रमाण मोजणारा संच, घ्यायचा म्हटले की बहुतेकांचे लक्ष आधी गेजच्या दिसण्याकडे जाते. प्रत्यक्ष मोजमाप करतो तो सायलेन्सर पाइपमध्ये बसणारा सेन्सर, आणि या तिन्ही संचांत तो एकच आहे: बॉशचा एलएसयू ४.९. म्हणून निवड करायची ती सेन्सरचा संकेत रीडिंगमध्ये बदलणाऱ्या कंट्रोलरची. जुन्या एलएसयू ४.२ वर चालणारा वापरलेला संच स्वस्तात मिळाला तरी तो घेऊ नये, कारण तो सेन्सर तुलनेसाठी बाहेरची हवा वापरतो आणि ती दूषित झाली की रीडिंग सरकते.

एलसी-२ ला मोकळ्या हवेत कॅलिब्रेशन करावे लागते. नागपूरच्या हिंगणा रोडवरच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये शेजारी दुसरी गाडी चालू असताना ते केले, तर ती चूक पुढच्या प्रत्येक रीडिंगमध्ये उतरते. एईएम आणि स्पार्टन यांना ही पायरीच नाही.

त्याहून महत्त्वाचा मुद्दा अर्थिंगचा आहे. एलसी-२ च्या मूळ सेटिंगमध्ये ० व्होल्ट म्हणजे ७.३५ आणि ५ व्होल्ट म्हणजे २२.३९, अर्थात एका व्होल्टला सुमारे ३ एएफआर (हवा-इंधन प्रमाण). त्यामुळे कंट्रोलर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा संगणक) यांच्या अर्थिंगमध्ये ०.१ व्होल्टचा फरक पडला, तर लॉगमधला आकडा ०.३ ने चुकतो. स्पार्टनची पट्टी १० ते २० अशी असल्याने तिथे हीच चूक ०.२ इतकी राहते. पूर्ण थ्रॉटलवर टर्बो गाडी १२.० वर आहे असे समजून प्रत्यक्षात १२.३ वर चालवणे मला धोक्याचे वाटते. कॅनवरून, म्हणजे गाडीतल्या डिजिटल डेटा वायरवरून, रीडिंग घेतले की हा प्रश्नच उरत नाही. ती सोय स्पार्टन ३ आणि एईएममध्ये आहे, एलसी-२ मध्ये नाही.

ईसीयू कॅनवर वाइडबँड वाचणारा असेल, तर माझे मत निःसंशय स्पार्टन ३ च्या बाजूने आहे, कारण तिघांत साधारणतः तोच सर्वांत स्वस्त पडतो. गाडी कंपनीच्याच ईसीयूवर असेल आणि चालवताना आकडा डोळ्यांसमोर हवा असेल, तर गेज व कंट्रोलर एकाच डबीत देणाऱ्या एईएमसाठी जास्तीचे पैसे मोजणे योग्य ठरते.

कोणताही घेतला तरी आकडा लॅम्ब्डामध्ये वाचावा, म्हणजे प्रत्यक्ष प्रमाण भागिले त्या इंधनाचे योग्य प्रमाण. पंपावरच्या ई२० पेट्रोलचे योग्य प्रमाण १३.५ च्या आसपास असते, पण गेज लॅम्ब्डा १ ला १४.७ च दाखवतो. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा कंट्रोलर बॉनेटखाली न ठेवता डॅशबोर्डखाली बसवावा. सेन्सरचा नट टर्बोच्या नंतर व कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आधी, आडव्या रेषेपासून किमान १० अंश वर वेल्ड करावा, म्हणजे पाइपमधले पाणी सेन्सरवर साचत नाही.

सेन्सर झिजतो आणि बदलावा लागतो. बदली सेन्सर घेताना ०२५८०१७०२५ हा क्रमांक तपासून खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावा, कारण बाजारात नकली मालही फिरतो.