व्हॉयेजर्स की बाउंडरी वॉटर्स?

अमेरिकेत उत्तर मिनेसोटात तंबू टाकायचाय आणि सोबत आईबाबा किंवा लहान पोरं असतील तर सरळ व्हॉयेजर्स नॅशनल पार्क घ्या, तिथे साइटवर पोचायला बोटच लागते पण मोटरबोट चालते, शिवाय टेबल आणि अस्वलाला उघडता येणार नाही अशी पेटी असते त्यामुळे पोहे-मसाले बिनधास्त आत ठेवून झोपता येतं. बाउंडरी वॉटर्स या तिथल्याच राखीव रानात हजारावर तळी, पण एका तळ्यातून दुसऱ्यात जायचं तर कनू (वल्ह्याची हलकी होडी) खांद्यावर घेऊन चालायचं, १ मे ते ३० सप्टेंबर मुक्कामाला कोट्यातलं, म्हणजे ठरावीक संख्येतच मिळणारं परमिट लागतं, ग्रुपमधे जास्तीत जास्त ९ जण, काचेच्या बाटल्या बंद. साइटवर चुलीची जाळी आणि झाडीत उघडा संडास, बस. मला तरी हेच जास्त आवडतं, रात्री लून पक्षी ओरडतो ना तेव्हा अंगावर काटा येतो!