स्कोफील्ड रेफरन्स बायबल: भविष्यवाणी शब्दशः वाचणाऱ्यांचे शतकभर जुने साधन

बायबलच्या शेवटच्या ‘प्रकटीकरण’ या पुस्तकातील श्वापद, सात शिक्के, हर्मगिदोनची लढाई आणि सहस्र वर्षांचे राज्य ही नुसती रूपके नसून पुढे खरोखर घडणाऱ्या घटना आहेत, ही श्रद्धा ज्या एका ग्रंथामुळे इंग्रजी भाषक ख्रिस्ती घरांत सर्वदूर पोहोचली, तो म्हणजे स्कोफील्ड रेफरन्स बायबल. सायरस स्कोफील्ड या अमेरिकन वकिलाने पुढे पाळक झाल्यावर ते सिद्ध केले, आणि ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९०९ साली ते प्रथम प्रकाशित केले. येथे विचार केला आहे तो १९१७ च्या सुधारित आवृत्तीचा, कारण पुढच्या पिढ्यांचे अंतकाळाविषयीचे आकलन घडवण्यात तिचाच वाटा मोठा आहे. अंतकाळाच्या भविष्यवाणीबद्दल मला आस्था आहे, म्हणूनच हे साधन काय देते आणि काय झाकते, हे बारकाईने पाहणे मला आवश्यक वाटते.

साधन म्हणून त्याची रचना आजही वाखाणण्याजोगी आहे. किंग जेम्स या जुन्या इंग्रजी भाषांतराची संहिता दोन रकान्यांत, मधल्या पट्टीत संदर्भ आणि तळाशी टीपा, अशी पानाची मांडणी आहे. एखादा विषय ग्रंथात जेथे प्रथम येतो तेथून त्याची साखळी सुरू होते, प्रत्येक ठिकाणी पुढच्या वचनाचा पत्ता दिलेला असतो आणि शेवटच्या ठिकाणी त्या विषयाचा सारांश मिळतो. जुन्या करारातील दानीएल या पुस्तकाच्या सातव्या अध्यायातील लहान शिंग आणि प्रकटीकरणातील श्वापद यांचा परस्परसंबंध काय, असा प्रश्न पडलेल्या वाचकाला जाडजूड कोश न चाळता एका बैठकीत ती वचने शेजारी ठेवून वाचता येतात. सामान्य वाचकावर एवढा विश्वास टाकणारी अभ्यासाची साधने त्या काळी फार नव्हती.

टीपांमागची मांडणी मात्र स्कोफील्डची स्वतःची नाही. देव मानवाशी वेगवेगळ्या युगांत वेगवेगळ्या रीतीने व्यवहार करतो आणि अंतकाळी येणाऱ्या महासंकटापूर्वी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासूंचा समुदाय, स्वर्गात वर उचलून घेतली जाईल, हा आराखडा एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी या धर्मोपदेशकाने मांडला होता. स्कोफील्डने तो पवित्र शास्त्राच्या पानावर आणून बसवला, आणि माझा मुख्य आक्षेप येथेच आहे.

दानीएलाचा नववा अध्याय उघडून पाहावा. तेथे सत्तर सप्तकांचे भाकीत आहे: आधी सात, मग बासष्ट आणि शेवटी एक. प्रत्येक सप्तक सात वर्षांचे धरले तर एकूण ४९० वर्षे होतात, आणि शब्दशः वाचणाऱ्याने ती सलग मोजावीत, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. तळटीप मात्र सांगते की एकोणसत्तरावे सप्तक ख्रिस्ताच्या काळी संपले, सत्तरावे अजून यायचे आहे आणि मधल्या खंडात मंडळीचे सारे युग सामावलेले आहे. आज तो खंड जवळजवळ दोन हजार वर्षांचा झाला आहे. हे वाचन निराधार नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. अभिषिक्ताचा (या वाचनानुसार ख्रिस्ताचा) वध आणि नगराचा नाश यांचा उल्लेख सव्विसाव्या वचनात येतो, शेवटच्या सप्तकाचा सत्ताविसाव्यात येतो, आणि यरुशलेमाचा विध्वंस इ. स. ७० मध्ये, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेनंतर सुमारे चार दशकांनी झाला. तेव्हा दोन्ही वचनांच्या मध्ये काळ गेला, असा तर्क करता येतो. पण तो तर्कच आहे, खंडाचा उल्लेख त्या वचनांत कोठेही नाही. महासंकटाची सात वर्षे, श्वापदाचा करार आणि करारभंग हा सारा पुढचा आराखडा मात्र याच न लिहिलेल्या खंडावर उभा आहे. त्यामुळे जो वाचक आपण केवळ लिहिलेलेच मानतो असे समजून चालतो, त्याच्या श्रद्धेचा मुख्य आधारच संहितेत नसून टिपेत असतो, आणि संहिता व टीप एकाच पानावर असल्याने त्याला ते कधी कळतही नाही.

जुन्या करारातील यहेज्केल या पुस्तकाच्या अडतिसाव्या अध्यायात इस्राएलावर चालून येणाऱ्या गोगाचे भाकीत आहे, आणि त्यावरची टीप याहून धाडसी आहे. गोग आणि मागोग यांचा रोख रशियाच्या नेतृत्वाखालील उत्तरेकडील युरोपीय सत्तांकडे आहे याबद्दल सर्वांचे एकमत आहे, असे ती म्हणते, आणि त्याच अध्यायातील मेशेख व तुबाल या नावांचे नाते मॉस्को व टोबोल्स्क यांच्याशी जोडते. वस्तुतः ही दोन्ही नावे आशिया मायनरमधील (आजच्या तुर्कस्तानातील) प्राचीन लोकांची असून ॲसिरियाच्या शिलालेखांतही त्यांचा उल्लेख सापडतो. रशियाबद्दलची कल्पनाही स्कोफील्डच्या आधीपासून चालत आलेली होती. पण ‘सर्वांचे एकमत’ हा दावा तेव्हाही खरा नव्हता आणि आजही नाही. पुढे शीतयुद्धाच्या काळात या टिपेला जे वजन आले, ते वाचकांनी तिला शास्त्रवचनाइतकेच प्रमाण मानल्यामुळे आले, असे मला वाटते.

येथे दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक जस्टिन मार्टर याची आठवण होते. सहस्र वर्षांचे राज्य तो अक्षरशः मानत असे, पण त्याच ठिकाणी त्याने हेही लिहून ठेवले आहे की शुद्ध श्रद्धेचे अनेक ख्रिस्ती जन याबाबत वेगळे मत बाळगतात. शब्दशः विश्वास आणि मतभेदाची उघड कबुली एकत्र नांदू शकतात, याचा इतका जुना पुरावा असताना १९०९ च्या टीपांना ती कबुली जड का जावी? संशयवादही आधुनिक जगाने शोधून काढलेला नाही. दानीएलाचे पुस्तक इ. स. पू. दुसऱ्या शतकातील राजा अंतियोख एपिफानेसच्या काळात, घटना घडत असताना किंवा घडून गेल्यावर लिहिले गेले, असे ख्रिस्ती धर्माचा टीकाकार तत्त्वज्ञ पॉर्फिरी तिसऱ्या शतकात सांगत होता आणि पुढे ख्रिस्ती विद्वान जेरोमने त्याचे म्हणणे गांभीर्याने घेऊन त्याला उत्तर दिले. आजच्या बहुसंख्य अभ्यासकांचे मत पॉर्फिरीच्या जवळ जाणारे आहे. ज्याला या भविष्यवाणीवर विश्वास ठेवून शिकल्यासवरल्या माणसांत वावरायचे आहे, त्याला हा आक्षेप आपल्याच अभ्यास-बायबलातून कळायला हवा, तो बाहेरच्या कोणी तोंडावर फेकण्याची वेळ येऊ नये.

स्कोफील्डच्या बाजूने दोन गोष्टी नोंदवतो. उत्पत्तीच्या पहिल्या पानावर समासात सृष्टीच्या उत्पत्तीसाठी आर्चबिशप अशरने ठरवलेली इ. स. पू. ४००४ ही तारीख छापलेली आहे, पण खालची टीप भूगर्भशास्त्रातील प्रदीर्घ युगांसाठी जागा मोकळी ठेवते, म्हणजे त्या काळच्या विज्ञानाकडे त्याने पाठ फिरवली नव्हती. दुसरे असे की, ख्रिस्त १८४४ साली परत येईल असे मानणाऱ्या विल्यम मिलरच्या अनुयायांची त्या साली झालेली निराशा त्याच्या पिढीला परिचयाची होती, आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाचा दिवस ठरवण्याचा मोह त्याने टाळला. ज्यांनी १९८८ आणि २०११ साली तारखा जाहीर केल्या, त्यांचे अपश्रेय त्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

प्रकटीकरणाच्या टीपांतही दानीएलासारखाच प्रकार आहे. चौथ्या अध्यायाच्या आरंभी योहानाला ‘इकडे वर ये’ अशी हाक येते आणि टिपेच्या मते ती मंडळी उचलली जाण्याची खूण आहे, परंतु वचनात बोलावणे एकट्या योहानालाच आहे.

विकत घ्यायचे झाल्यास दोन पर्याय आहेत. १९६७ च्या आवृत्तीत संहितेतील जुने शब्द बदलले आहेत आणि टीपाही संपादक मंडळाने तपासलेल्या आहेत, त्यामुळे नित्य वाचनासाठी ती सोयीची आहे. ही विचारसरणी मुळातून समजून घ्यायची असेल तर १९१७ ची आवृत्तीच पाहावी, तिच्या टीपा इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. पहिल्यांदाच प्रकटीकरण वाचणाऱ्याच्या हाती मात्र मी हे बायबल देणार नाही. त्याने आधी बिनटीपांच्या प्रतीतून दानीएल, मत्तयाचा चोविसावा अध्याय आणि संपूर्ण प्रकटीकरण वाचावे, आपले प्रश्न लिहून ठेवावेत आणि मगच स्कोफील्डची उत्तरे पाहावीत.